कुत्र्यांमधील सर्पदंश (कोकण)
कुत्र्यांमधील सर्पदंश ही कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवलीसारख्या तालुक्यांत, पशुवैद्यकासमोर येणारी आणीबाणीची अवस्था आहे. कुत्रा सापाला हुंगतो वा पंजाने डिवचतो. त्यामुळे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर होतो.

जांभ्याच्या सड्यांवर आणि गडग्यांच्या (चुन्याविना रचलेल्या दगडी कुंपणांच्या) फटींत आढळणारे फुरसे लहान असले, तरी त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशस्थान सुजते, हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या विषाने याखेरीज मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाग व मण्यार यांच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. साप कोणी पाहिला नसल्यास रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते न गोठल्यास फुरसे वा घोणस यांचा संशय बळावतो.

या चारही सापांवरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. मुंबईतील हाफकिनमध्येही ते तयार होत आले आहे. ते सलाइनमधून शिरेवाटे देतात. मात्रा शरीरात गेलेल्या विषावर ठरते, वजनावर नव्हे. त्यामुळे लहानग्या कुत्र्यालाही मोठ्याइतक्याच कुप्या लागू शकतात, हे मालकांना सहसा पटत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवल्यास अ‍ॅड्रेनालिन टोचतात. नागदंशात निओस्टिग्मिन व अ‍ॅट्रोपिनची जोड उपयोगी पडते. मण्यारीच्या दंशात मात्र कृत्रिम श्वसनावरच भिस्त असते. दंशाच्या वर करकचून दोरी बांधणे वा जखम कापणे अपायकारक ठरते. आंबोली घाटातील चापड्याच्या विषावर हे प्रतिविष लागू पडत नाही. तेथे वेदनाशमन व सलाइन एवढेच उपाय उरतात.