प्रभावळकर, दिलीप

प्रभावळकर, दिलीप : (४ ऑगस्ट १९४४ – ). मराठी नट, नाटककार व विनोदी लेखक. जन्म मुंबईचा. जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन ते औषधनिर्मितीच्या व्यवसायात नोकरीस लागले आणि ती चाकरी सांभाळून रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यांतून कामे करू लागले. ‘अलबत्या गलबत्या’मधील त्यांची चेटकीण त्या काळी फार गाजली. ज्या नटास पुढे महाराष्ट्राने आपल्या घरातला माणूस मानले, त्याचा आरंभ असा वेषांतराने व पालटलेल्या आवाजाने झाला, ही गोष्ट त्यांच्या उत्तरकालीन कर्तृत्वाच्या दृष्टीने केवळ योगायोगाची मानता येत नाही.

विनोदी नटाने रंगमंचावरून दूरचित्रवाणीच्या मालिकेत जावे आणि तेथे घरोघर पोहोचावे, हा प्रभावळकरांचा क्रम अमेरिकेतही रूढ आहे. परंतु तेथील मार्ग निराळा. एकट्याने ध्वनिवर्धकापुढे उभे राहून स्वतःच्याच गरिबीची, आप्तांची आणि वंशाची थट्टा करणारा ‘स्टँड-अप’ विनोदकार तेच आयुष्य मालिकेत घेऊन जातो. पोर्तोरिकन मातेचा पुत्र फ्रेडी प्रिंझ १९७४ साली ‘चिको अँड द मॅन’मधून असाच अल्पवयात प्रसिद्धीस आला, आणि आजीने वाढविलेला मेक्सिकन वंशाचा जॉर्ज लोपेझ २००२ ते २००७ या काळात जी मालिका चालवीत होता, तिचे नाव, नायकाचे नाव आणि नटाचे नाव ही तिन्ही एकच होती. प्रभावळकरांच्या मालिकांत प्रभावळकर नावाचा मनुष्य औषधालाही सापडत नाही. मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’पासून लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’पर्यंत एकपात्री प्रयोगाची जी परंपरा आहे, तिच्यातही नट स्वतःविषयी क्वचितच बोलतो, तो इतरांची सोंगे आणतो. प्रभावळकर रूढार्थाने एकपात्री कलावंत नव्हेत, तथापि वृत्तीने त्याच घराण्यातले.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका सादर केली, तीत ते चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. या पात्रांचे मूळ निर्माते चिं. वि. जोशी हे पालीचे पंडित व बडोदे सरकारच्या राजदफ्तराचे अधिकारी. चिमणरावाच्या भाबड्या कारकुनी वृत्तीला दफ्तरखान्याचा वास असेल तर तो अनुभवाचा आहे. दामुअण्णा मालवणकरांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात हेच पात्र रंगविले होते, तेव्हा तुलना अटळ होती. प्रभावळकरांनी मालवणकरांचा ठसा बाजूस ठेवून आपला स्वतंत्र, किंचित बावरलेला, बोलण्याच्या ओघात स्वतःच अडकणारा चिमणराव उभा केला, आणि १९७९ मध्ये त्याच जोडीचा चित्रपटही निघाला.

त्या काळी मुंबई केंद्राच्या कार्यक्रमांचा अंमल प्रक्षेपकाच्या पल्ल्यापुरताच चाले. बंगळूरला दूरदर्शनचे केंद्र १ नोव्हेंबर १९८१ रोजी सुरू झाले. सबब त्यापूर्वी बंगळूरजवळच्या येलहंका येथे हवाई दलाच्या तळावर बदलून आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबास चिमणराव भेटावयाचा तो पुस्तकातच. ही अडचण पुढे उपग्रहवाहिन्यांनी दूर केली. ‘अल्फा टीव्ही मराठी’ १९९९ मध्ये सुरू झाली, आणि तारजोडणी असेल तर रेल्वेच्या चाककारखान्याच्या येलहंक्यातील वसाहतीतही प्रभावळकर मुंबईइतकेच जवळ आले.

दरम्यान नव्वदच्या दशकात ‘हसवाफसवी’ हे त्यांनी स्वतः लिहिलेले नाटक रंगभूमीवर आले. त्यात त्यांच्या वाट्याला सहा भूमिका होत्या, त्यांत एक स्त्रीभूमिका. मंचावर इतर नट असले तरी प्रयोगाचा भार एकाच देहावर असे. दोन प्रवेशांच्या मधल्या अवकाशात रंगभूषा उतरवून दुसरी चढवायची, आणि तेवढ्या वेळात चाल, श्वास व वयही बदलावयाचे, ही कसरत प्रेक्षकास दिसत नाही. त्यास दिसतो तो वृद्ध गायकनट कृष्णराव हेरंबकर, आणि तो दिसताच आधीच्या पाचांचा विसर पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रभावळकरांच्या कलेचा कळस येथे आहे, दूरचित्रवाणीवर नव्हे. मात्र दूरचित्रवाणीवरील पुढील यशाचा पाया येथेच घातला गेला.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका २००१ मध्ये सुरू झाली. ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ या प्रभावळकरांच्याच सदरात टिपरे कुटुंब रोजनिशीच्या रूपाने प्रथम अवतरले होते. म्हणजे लेखक व नायक एकच. असे असूनही त्यांनी स्वतःसाठी स्वतःच्या वयाची भूमिका घेतली नाही. सत्तावन्न वर्षांचा हा गृहस्थ रंगभूषा चढवून घरातला आजोबा झाला. राजन भिसे (शेखर), शुभांगी गोखले (श्यामला), विकास कदम (शिऱ्या) व रेश्मा नाईक (शलाका) यांच्यासमवेत त्यांचे आबा दर आठवड्यास एखादा क्षुल्लक घरगुती प्रसंग निस्तरीत. लोपेझच्या मालिकेत घर म्हणजे जुन्या जखमांचे न्यायालय. टिपऱ्यांच्या घरात तंटा होई, पण फिर्याद दाखल होत नसे. हा सौम्यपणा काहींना मध्यमवर्गाची आत्मसंतुष्टता वाटला, आणि त्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणवत नाही. तरीही सुनेशी अदबीने बोलणारा, नातवंडांच्या गुपितांत सामील होणारा, सल्ला देण्याचा मोह बहुधा आवरणारा सासरा त्यापूर्वी मराठी मालिकांत विरळाच होता. आबांच्या चष्म्याआडच्या नजरेत जे चाले ते संवादांत कधी लिहिलेले नसे.

त्यांचे इतर काम विपुल व विजोड आहे. ‘चौकट राजा’मधील मतिमंद नंदू (१९९१) आणि ‘झपाटलेला’मधील खलपुरुष तात्या विंचू (१९९३) एकाच नटाचे, हे नवख्यास पटवून द्यावे लागते. ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी व ‘शेवरी’तील भूमिका यांबद्दल त्यांना २००६ या वर्षाचे सहायक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘बोक्या सातबंडे’ ही मुलांसाठी लिहिलेली पुस्तकमाला, ‘गुगली’, ‘हसगत’ इत्यादी लेखन वेगळेच. वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दशावतार’ या चित्रपटात त्यांनी बाबुली मेस्त्री या कोकणातील वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली. म्हणजे पुन्हा सोंगे घेणाऱ्याचेच सोंग.