केप कोस्टला जायचे ते कशासाठी?

घानातील केप कोस्टसाठी आम्ही दोनच दिवस ठेवले आहेत. क्रम नीट लावला तर तेवढे पुरतील.

सुरुवात राजधानी अक्रातून. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस १९६३ मध्ये तिथेच वारले. त्यांचे घर आज स्मारक आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. हे नाते ठाऊक असेल तर पुढचे दीडशे किलोमीटर परके वाटणार नाहीत.

केप कोस्टचा किल्ला इंग्रजांनी १६६४ मध्ये घेतला. तळघरात विकायला कोंडलेली माणसे आणि त्यांच्या डोक्यावर प्रार्थनागृह! १७६६ पासून सुमारे पन्नास वर्षे तिथला धर्मोपदेशक फिलिप क्वाक हा फांटी समाजातला, म्हणजे आफ्रिकीच होता. माणसे पकडून विकण्यात स्थानिक सरदार आणि व्यापारीही सामील होते. म्हणून प्रश्न केवळ गोऱ्या कातडीचा नाही. नफा, धर्म आणि स्थानिक हितसंबंध एकत्र आले की गुलामगिरी व्यवस्था बनते. हे आपल्याला वेगळे शिकवावे लागते काय? जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, ती उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी जवळचे एल्मिना. पोर्तुगीजांनी तो किल्ला १४८२ मध्ये उभारला.

आमचा नियम एकच : दोन्हीकडे आधी तळघरात उतरायचे, मग वर जायचे. इतिहास वरून पाहिला की समुद्र सुंदर दिसतो. खालून पाहिला की माणूस दिसतो.

जय भीम!