बदलला तेवढाच तुकडा

यूएसबीचा जन्म चित्रं वाहून नेण्यासाठी झालाच नव्हता. जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा हेतू साधा होता: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, मोडेम अशा प्रत्येकाची वेगळी पिन आणि वेगळं भोक असायचं, ते घालवून सगळ्यांना एकच तोंड द्यायचं. इंटेलमध्ये या कामात पुढे होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेलेले. सुरुवातीचा कमाल वेग होता सेकंदाला १२ मेगाबिट. माउसला तो उदंड होता. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आलं आणि वेग ४८० मेगाबिटवर गेला, म्हणजे सेकंदाला ४८ कोटी बिट.

आता मॉनिटर काय मागतो ते पाहू. त्या काळात ऑफिसात सर्रास दिसणारा १९ इंची मॉनिटर म्हणजे १२८० गुणिले १०२४ ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला जवळजवळ १८९ कोटी बिट होतात. वायरीची ऐपत ४८ कोटींची, तीही कागदावर. प्रत्यक्षात हाती त्याहून कमीच लागतं. आजच्या फुल एचडी पडद्याला तर सुमारे ३०० कोटी हवेत. या हिशेबाने यूएसबीवर मॉनिटर चालणं शक्यच नव्हतं. तो चालला, कारण केंब्रिजमधली काही माणसं दहा-बारा वर्षं एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होती: दर वेळी पूर्ण चित्र पाठवायचंच कशाला?

या घराण्याचा मूळ पुरुष शोधायचा तर केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीतल्या ट्रोजन रूमपाशी जावं लागतं. तिथे एक कॉफीचं यंत्र होतं. इतर मजल्यांवरचे संशोधक जिने चढून यायचे आणि भांडं रिकामं पाहून परत जायचे. १९९१ मध्ये त्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला गेला. त्याचं चित्र पुरवणारा प्रोग्रॅम पॉल जार्डेट्झ्की यांनी लिहिला, आणि ते प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारा क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी. चित्र १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं, काळंपांढरं, आणि बदलायचं मिनिटाला साधारण तीन वेळा. तेवढं पुरत होतं, कारण कॉफी भरते सावकाश. १९९३ मध्ये हे चित्र वेबवर आलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून नावाजलं. मला त्यात प्रसिद्धीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. समोरची वस्तू जितकी बदलते तितकीच माहिती वायरीवर घालायची, हा विचार तिथे प्रत्यक्षात उतरलेला आहे.

पुढचा वंशज त्याच गावात जन्मला. ऑलिव्हेटी रिसर्च लॅबोरेटरी या प्रयोगशाळेत अँडी हॉपर यांच्या नेतृत्वाखाली 'व्हिडिओटाइल' नावाचं उपकरण तयार झालं होतं: एक एलसीडी पडदा, एक पेन आणि वेगवान नेटवर्कची जोडणी. त्यातला पडदा स्वतः काही काढत नसे. दूरच्या संगणकाने काढलेलं तो फक्त दाखवायचा. ते उपकरण बाजूला ठेवून केवळ सॉफ्टवेअरने तेच काम करायचं ठरलं, आणि त्यातून व्हीएनसी निघालं. १९९८ मध्ये ते सर्वांना मोफत खुलं झालं. आज दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या लॅपटॉपवर उघडणं ही रोजची बाब आहे. व्हीएनसी त्या परंपरेतल्या पहिल्या फळीचं. ते घडवणाऱ्यांच्या गटात स्टॅफर्ड-फ्रेझरही होते.

व्हीएनसीचा गाभा एका वाक्यात मावतो. ठिपक्यांचा हा चौकोन घे आणि पडद्यावर अमुक ठिकाणी ठेव. बस्स. माउस हलला, अक्षर उमटलं, खिडकी उघडली, तरी पाठवायचं ते फक्त बदललेले चौकोन. घेणाऱ्या बाजूला काहीही कळण्याची गरज नाही. ती खिडकी वर्डची आहे की ब्राउझरची, तो अक्षराचा आकार आहे की फोटोचा कोपरा, याच्याशी तिला कर्तव्य नाही. सगळं शहाणपण पाठवणाऱ्याकडे. पुढे जे काही घडलं, आजच्या ड्रायव्हर अपडेटसकट, ते या एका निवडीतून घडलं.

एप्रिल २००२ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली. तोवर तिची मालकी एटी अँड टीकडे गेली होती. माणसं विखुरली. २००३ मध्ये स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी मार्टिन किंग यांच्याबरोबर न्यूनहॅम रिसर्च ही कंपनी काढली. किंग यांचं नाव आपल्याला माहीत नसलं तरी त्यांचं काम आपल्या अंगठ्याला चांगलं माहीत आहे. जुन्या नोकियावर नऊ कळांवरून भराभर मेसेज टाइप करता यायचे ते टी-९ हे तंत्र शोधणाऱ्यांपैकी ते एक. नव्या कंपनीचं पहिलं यंत्र मात्र यूएसबीचं नव्हतं. 'निवो' नावाची ती छोटी डबी नेटवर्कच्या वायरीला जोडायची. एका बाजूने नेटवर्क आत, दुसऱ्या बाजूने चित्र बाहेर. एकच संगणक अनेकांना वाटून देता यावा, ही कल्पना. मग त्यांच्या लक्षात आलं की हीच युक्ती यूएसबीच्या वायरीवरही चालेल, आणि ती वायर तर प्रत्येक संगणकाला आहेच. २००६ मध्ये कंपनीचं नाव बदलून डिस्प्लेलिंक झालं. जानेवारी २००७ मध्ये डीएल-१२० आणि डीएल-१६० या चिप बाजारात आल्या. त्याच वर्षी सॅमसंग आणि एलजीचे मॉनिटर, तोशिबा आणि केन्सिंग्टनचे डॉक त्या चिप घालून विक्रीला आले.

आत काय चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. एचडीएमआयच्या मॉनिटरला चित्र पाठवतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि ते सेकंदाला ६० वेळा अख्खा पडदा ओतत राहतं, काही बदललेलं असो वा नसो. यूएसबीच्या मॉनिटरमागे असं कार्ड नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम डेस्कटॉपचं चित्र संगणकाच्या मेमरीत काढते. डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर कुठला भाग बदलला ते शोधतो, तेवढा भाग दाबून लहान करतो आणि यूएसबीवर सोडतो. मॉनिटरमधली चिप तो उलगडते, स्वतःच्या मेमरीतल्या चित्रावर चिकटवते आणि ते पूर्ण चित्र पॅनेलला पुनःपुन्हा दाखवत राहते. तुम्ही एक्सेलची शीट नुसती वाचत बसलात तर वायरीवर जवळजवळ शांतता असते. एका सेलमध्ये आकडा टाकलात तर त्या सेलपुरती हालचाल. पूर्ण पडदाभर सिनेमा लावलात की मात्र ड्रायव्हरला धाप लागते. टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर प्रोसेसरचा आलेख चढताना डोळ्यांनी दिसतो, आणि थोड्या वेळाने पंख्याचा आवाज कानांनी ऐकू येतो.

म्हणजे हा ड्रायव्हर नुसता ओळख करून देणारा नाही. नेहमीच्या मॉनिटरसाठी ग्राफिक्स कार्ड जे काम करतं, त्यातला मोठा वाटा इथे तो उचलतो. मॉनिटरचा अर्धा भाग टेबलावर आहे आणि अर्धा संगणकात सॉफ्टवेअरच्या रूपाने राहतो. तो अर्धा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरात भाडेकरू आहे. मालकाने भिंत हलवली की याला सामान हलवावंच लागतं. अपडेट मागण्याचा त्याचा स्वभाव जन्मजात आहे तो यामुळे.

पहिली भिंत हलली ती चिप बाजारात आल्या त्याच महिन्यात. जानेवारी २००७ मध्येच विंडोज व्हिस्टा घरोघरी पोचू लागलं. त्याआधीच्या एक्सपीत वेगवेगळ्या जातींचे डिस्प्ले ड्रायव्हर एकत्र नांदू शकत. व्हिस्टाने डिस्प्लेची रचनाच नवी आणली आणि त्या नव्या रचनेत एका वेळी एकाच जातीचा ड्रायव्हर चालेल असा दंडक घातला. लॅपटॉपचं इंटेल किंवा एनव्हिडियाचं ग्राफिक्स तर आधीच ठाण मांडून बसलेलं. बाहेरून येऊ पाहणाऱ्याला आडवाटेने शिरावं लागलं, आणि आडवाट म्हटली की ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदलला तरी याला ठेच लागणार. २००९ मध्ये विंडोज ७ ने तो दंडक सैल केला. खरं समाधान मिळालं २०१६ मध्ये, विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटबरोबर. मायक्रोसॉफ्टने अशा कार्डाविना चालणाऱ्या पडद्यांसाठीच एक रीतसर व्यवस्था केली आणि ड्रायव्हरला सिस्टिमच्या गाभ्याबाहेर, साध्या प्रोग्रॅमांच्या पातळीवर काम करण्याची सोय दिली. एखाद्या छोट्या कंपनीची युक्ती मायक्रोसॉफ्टला आपल्या रचनेत बसवून घ्यावी लागली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. तेव्हापासून बहुतेक मशिनवर मॉनिटर जोडला आणि इंटरनेट असलं की विंडोज अपडेट स्वतःच ड्रायव्हर आणून बसवतं.

ॲपलच्या बाजूला इतकं सुरळीत झालं नाही. मार्च २०१८ च्या अखेरीस मॅकओएस १०.१३.४ आलं आणि असंख्य मॅकवाल्यांचे यूएसबी मॉनिटर काळे पडले. डिस्प्लेलिंकने लोकांना १०.१३.३ वरच थांबण्याचा सल्ला दिला. नंतर वेगळी वाट निघाली. आता मॅकवर डिस्प्लेलिंक मॅनेजर नावाचं ॲप चालतं, आणि ते सिस्टिमकडे 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी मागतं. ती सूचना पाहून लोक दचकतात आणि ते स्वाभाविक आहे. आपला पडदा कुणी रेकॉर्ड का करावा? पण हा ड्रायव्हर जगतोच मुळी पडद्यावरचं चित्र उचलून. ॲपलने त्या उचलण्याला दिलेलं नाव ते. चित्र उचललं जातं म्हणूनच नक्कल-संरक्षण असलेले सिनेमे अशा पडद्यावर कधी कधी काळा चौकोन दाखवतात. व्हीएनसीच्या चौकोनांची ओळख असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

लिनक्सची हकिकत मला सगळ्यांत शिकण्याजोगी वाटते. सुरुवातीला कंपनीने वायरीवरची भाषा उघड केली नव्हती, तेव्हा हौशी प्रोग्रॅमरांनी वायरीवरून जाणारा मजकूर टिपून तिचा उलगडा सुरू केला. मे २००९ मध्ये कंपनीनेच त्या यूएसबी २.० चिपसाठी मुक्त परवान्याखाली कोड दिला. २०१२ पासून त्यांचा आधुनिक ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नेलमध्येच आहे. आज एखादा त्या पिढीचा मॉनिटर लिनक्सला जोडला तर काही उतरवून घ्यावं लागत नाही. कर्नेल बदलणारी मंडळी स्वतःच तो ड्रायव्हरही सांभाळतात. यूएसबी ३ च्या चिप आल्या आणि त्यांची भाषा मात्र बंद राहिली. २०१५ मध्ये उबुंटूसाठी ड्रायव्हर आला तो अर्धा खुला, अर्धा बंद. कर्नेलशी बोलणारा 'ईव्हीडीआय' हा भाग खुला, चित्र दाबून पाठवणारा भाग बंद. कर्नेल बदललं की खुला भाग नव्याने जुळवावा लागतो. एकाच कंपनीच्या दोन पिढ्या, त्यांतली जुनी बिनबोभाट चालते आणि नवी दर कर्नेलला काळजी लावते. भाषा खुली ठेवली असती तर ग्राहकांचा हा त्रास टळला असता, असं माझं ठाम मत आहे.

विंडोजवर हाताने ड्रायव्हर बदलायची वेळ आली तर क्रमाला महत्त्व आहे, आणि तो क्रम वरच्या रचनेतूनच येतो. आधी यूएसबीची वायर काढायची. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून 'डिस्प्लेलिंक ग्राफिक्स' काढून टाकायचं, मशिन रीस्टार्ट करायचं, नवा ड्रायव्हर बसवायचा आणि मगच वायर लावायची. जुन्याचे अवशेष अडत असतील तर ते पुसण्यासाठी कंपनीचंच एक सफाईचं साधन मिळतं. बसवताना लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही क्षणभर काळा होतो. डिस्प्लेची सगळी मांडणी विंडोज नव्याने करतं म्हणून. वायर लावल्यावर पहिल्या वेळी थोडा जास्त वेळ लागला तर घाईने ओढू नये. ड्रायव्हरबरोबर चिपचं फर्मवेअरही येतं आणि दोघांच्या आवृत्त्या जुळत नसतील तर ते त्याच वेळी मॉनिटरमध्ये किंवा डॉकमध्ये भरलं जातं. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या त्रयस्थ सॉफ्टवेअरला इथे हात लावू देऊ नये.

हे सगळं प्रत्येक यूएसबी मॉनिटरला लागू नाही. २०१४ मध्ये टाइप-सी हे तोंड आलं आणि त्याच वर्षी त्यातून डिस्प्लेपोर्टचा मूळ सिग्नल तसाच न्यायची सोय जाहीर झाली. अशा मॉनिटरला चित्र थेट ग्राफिक्स कार्डाकडून येतं, ड्रायव्हर लागत नाही. पंचाईत ही की दोन्हींची वायर दिसायला सारखीच. ओळखायचं असेल तर मॉनिटर किंवा डॉक उलटा करून डिस्प्लेलिंकचं नाव शोधावं, किंवा जुन्या चौकोनी यूएसबी-ए तोंडातून चित्र येतं का ते पाहावं. आलं, तर ते डिस्प्लेलिंक किंवा त्याच पद्धतीच्या दुसऱ्या कुणाच्या चिपचं काम, आणि ड्रायव्हर आलाच.

टाइप-सीमुळे ही जुनी शाखा संपेल असं वाटत होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचे एम-१ चिपचे लॅपटॉप आले, आणि त्यांना बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येई. वर्ष घरून काम करण्याचं होतं, दोन पडद्यांची सवय लागलेली माणसं अडली आणि डिस्प्लेलिंकचे डॉक शोधू लागली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लॅपटॉपचे टचपॅड बनवणाऱ्या सिनॅप्टिक्सने डिस्प्लेलिंक ३० कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली होती. म्हणून आज नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायला गेलं की पान उघडतं ते सिनॅप्टिक्सचं.