लाल दगडातली पांढरी शीर

कराडला कृष्णा-कोयनेच्या काठचे गोटे निरखताना काळ्या कातळात एखादा विटकरी लाल, गुळगुळीत खडा लक्ष वेधून घेतो. त्यातून कधी पांढरी शीर आरपार गेलेली असते. असा खडा बहुधा जास्परचा.

मात्र साताऱ्यात लाल दिसेल तो प्रत्येक दगड जास्पर नव्हे. पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा सच्छिद्र असतो. घाटात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दिसणारा तांबडा, मातकट पट्टा तर सहज उकरला जातो. जास्परवर चाकूचे पाते चालत नाही, उलट पात्याचीच धातूची रेघ दगडावर उमटते. तो काचेवर ओरखडा काढतो, बाकदार फुटतो आणि उजेडाला आरपार जाऊ देत नाही. शिरेची परीक्षा वेगळी करावी. ती चाकूने ओरखडली गेली आणि लिंबाच्या रसाने तिच्यावर बारीक बुडबुडे आले, तर ते कॅल्साइट. क्वार्ट्झ दोन्हींना दाद देत नाही.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिका घेऊन पाणी मुरले, लोहाच्या कणांनी लाल रंग दिला आणि जास्पर घडला. पुढे त्यालाच तडे गेले आणि त्यांत क्वार्ट्झ किंवा कॅल्साइट साकळले. म्हणजे शीर ही मूळ दगडापेक्षा धाकटी.

या दगडाची पारख माणसाने फार पूर्वी केली. १९५४पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला जे शोधले, त्यात हे स्पष्ट दिसते. आधीच्या माणसांच्या हातकुऱ्हाडी काळ्या कातळाच्या होत्या. मध्य पुराश्मयुगातल्या कारागिरांनी मात्र जास्पर, चर्ट, अकीक निवडून, त्यांवर घाव घालून काढलेल्या छिलक्यांपासून लहान तासण्या आणि टोचे केले. इथे शीर म्हणजे खोट: घाव तिथे भलतीकडे वळतो, छिलका अर्ध्यात तुटतो. एकजीव गोटा ओळखणारी ती नजर थक्क करणारी आहे.

मण्यांच्या कारागिराला मात्र पट्टे हवेच होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचला जाणाऱ्या पट्टेदार दगडांची नोंद आहे. जास्परच्याच सिलिका-कुळातला तो माल समुद्रापार जाई.

नदीकाठी शिरेचा खडा जरूर न्याहाळा. पण एका कडेने मुद्दाम छिललेला तुकडा दिसला, तर तो खिशात घालू नका. जागेवरच त्याचा फोटो काढा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. जागा हरवली की त्या तुकड्याचा अर्धा इतिहास जातो.