बत्तीच्या मेंटलपासून जिवंत पेशीपर्यंत

माझ्या बालपणीं आमच्या वाशीम भागांतील खेड्यांत लग्नाच्या मांडवाला उजेड असे तो पेट्रोमॅक्सच्या बत्तीचा. एकदां बत्ती विझविलेली असतां मीं कुतूहलानें तिच्या मेंटलला बोट लाविलें. तत्क्षणीं त्याची राख झाली आणि वऱ्हाडाला अंधारांत जेवावें लागलें. त्या मेंटलचें पुढें काय झालें, हा आजचा विषय.

व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनीं इ. स. १८९१ त मेंटलचें प्रमाण निश्चित केलें: ९९ भाग थोरियम ऑक्साइड व १ भाग सेरियम ऑक्साइड. सेरियम हा 'दुर्मिळ मृदा' वर्गांतील धातु होय. हीं द्रव्यें मोनाझाइट वाळूंत सांपडतात. त्रावणकोरहून युरोपांत जाणाऱ्या काथ्याला चिकटलेली ती वाळू १९०९ सालीं शोंबर्ग नामक जर्मन रसायनज्ञानें ओळखली. त्यानंतर वाळू आमची आणि कारखाने परक्यांचे, असा व्यवहार कित्येक वर्षें चालला. स्वराज्य आल्यावर, १९५० सालीं, इंडियन रेअर अर्थ्‌स ही संस्था निघाली व १९५२ त केरळांत आलुवा येथें तिचा कारखाना सुरू झाला.

याच वर्गांतील डिस्प्रोशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें उपयोगांत आणला. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्याच्या बिल्ल्यांत डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेट असतें. तें तापवितांच प्रकाशतें; त्या प्रकाशावरून अंगावर किती किरण पडले तें कळतें.

यापुढील पायरी अधिक सूक्ष्म आहे. अदृश्य अवरक्त किरण इटर्बियमनें शोषावे आणि ती शक्ति एर्बियमला देऊन हिरवा प्रकाश निघावा, ही क्रिया फ्रान्सच्या ऑझेल यांनीं १९६६ त दाखविली. आतां सोडियम इट्रियम फ्लुओराइडांत हे दोन धातु मिसळून, ओलेइक आम्लांत सुमारें ३०० अंशांपर्यंत तापवून, मिलिमीटरच्या दशसहस्रांश भागाहूनहि लहान कण करितात. ते पाण्यांत मिसळावे म्हणून त्यांवर वेगळें आवरण चढवितात व मग पेशींत सोडितात. नेहमींचे रंग लवकर फिके पडतात. हे कण पडत नाहींत. शिवाय अवरक्त किरणांनीं पेशी स्वतः चमकत नसल्यानें खूण स्पष्ट दिसते.

परंतु हे कण शरीरांत किती काळ राहतात व अपाय करितात कीं काय, हें पुरतें पारखल्यावांचून ते रोग्याला देतां येणार नाहींत. माझ्या बोटानें एका मांडवाचा उजेड गेला, एवढेंच झालें. येथें मात्र पाहणाऱ्याचा हात फार हलका हवा. कारण त्या हाताखालीं जीव आहे.