तंजावरची छत्रे

१७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. दुसऱ्या सरफोजी राजांच्या हाती उरला तो किल्ला, वर्षाचे एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. दुसरा एखादा संस्थानिक अशा वेळी सलामीच्या तोफांसाठी भांडला असता! सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट टोरिन यांना विनवणीचे पत्र धाडले ते छत्रांसाठी.

छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील धर्मशाळा आणि अन्नसत्र. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र त्यांपैकीच एक. छत्रांना गावे नेमून दिलेली असत व त्यांचा वसूल त्याच कामी लागे. ती गावे हातची गेली, तर छत्रे बसणार ही राजांची धास्ती होती.

या पत्राचा भर इमारतींवर नाही. तेथे रोज काय घडते, यावर आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत प्रत्येक वाटसरूला अन्न मिळते, तान्ह्या मुलांना दूध मिळते, आजाऱ्याला वैद्य व पथ्य मिळते, गरोदर स्त्रीची देखभाल होते, अनाथ मुले पंतोजींच्या हवाली केली जातात. हल्ली गरिबांच्या पाणी व मलनिस्सारण योजनांना पैसा देताना हीच कसोटी लावू पाहतात : नळ बसला म्हणून नव्हे, पाणी आले म्हणून हप्ता. राजांची बाजूही पोचलेल्या सेवेवरच उभी होती. फरक एवढाच, की येथे पैसा आधी बांधून दिलेला होता. उपाशी वाटसरूला फलाची वाट पाहायला सांगता येत नाही, हे त्या रीतीचे बळ. आणि देखरेख राजाच्या आस्थेवर टांगलेली, हा तिचा दुबळेपणा.

शहराच्या पाण्याचेही तसेच. सेवप्पा नायकाच्या तळ्यातील पावसाचे पाणी भुयारी नळांनी शिवगंगा तळ्यात व पुढे किल्ल्यातील विहिरींत येई. ही योजना सरफोजींची नव्हे, ती पूर्वीची. पण असले काम एकदा बांधून संपत नाही. गाळ दर पावसाळ्यात साचतो. सरफोजींच्या नावावर नवी तळी, विहिरी आणि भुयारी गटारेही सांगतात.

छत्रे राजांकडेच राहिली. शिवाय राज्य गेल्यावर, १८०२ मध्ये, त्यांनी ओरत्तनाड येथे मुक्तांबाळच्या नावाने नवे छत्र बांधले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले, तेव्हा छत्रे सरकारने घेतली आणि पुढे त्यांचा कारभार जिल्ह्याच्या स्थानिक मंडळाकडे गेला.