मेडिकेअर : अमेरिकेतील निवृत्त व अपंग व्यक्तींच्या शासकीय आरोग्य विम्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अमेरिकेत सर्व नागरिकांना सामावून घेणारा एकच शासकीय आरोग्य विमा आजही अस्तित्वात नाही. मात्र ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींसाठी १९६६ पासून आणि दीर्घकालीन अपंगत्व आलेल्या व्यक्तींसाठी १९७३ पासून ‘मेडिकेअर’ ही संघराज्य शासनाची विमा योजना अमलात आहे. नामसाधर्म्यामुळे तिची ‘मेडिकेड’शी गल्लत होते. मेडिकेड ही अल्प उत्पन्न गटासाठी संघराज्य व राज्ये यांनी मिळून चालविलेली साहाय्य योजना होय. मेडिकेअरचा पाया वेगळा आहे. नोकरीच्या काळात भरलेल्या अंशदानातून म्हातारपणी उपचारांचा हक्क निर्माण होतो, हे तिचे मूलतत्त्व आहे. या तत्त्वामुळे योजनेला प्रतिष्ठा लाभली. कोणाला बाहेर ठेवायचे आणि कोणाला थांबवून ठेवायचे, हेही बव्हंशी याच तत्त्वाने ठरविले. प्रस्तुत लेखात या दुहेरी परिणामाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा संमत झाला. त्यात वृद्धांचे निवृत्तिवेतन व बेकारी विमा यांचा समावेश होता. वैद्यकीय व्यवसायाच्या विरोधामुळे संपूर्ण विधेयकच धोक्यात येईल, या भीतीने आरोग्य विमा त्यातून वगळण्यात आला. पुढे नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी काँग्रेसपुढे राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना मांडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तिच्यावर समाजवादाचा शिक्का मारला आणि शीतयुद्धाच्या वातावरणात तो प्रभावी ठरला.

दरम्यान नोकरीशी जोडलेला खाजगी विमा झपाट्याने पसरला. त्यामुळे नोकरी संपताच विमाही संपण्याची वेळ अनेकांवर येऊ लागली. वृद्धांना विमा देण्यास कंपन्या नाखूष असत किंवा भारी हप्ता मागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे निम्म्या वृद्धांकडे रुग्णालयीन विमा नव्हता. सर्वांसाठी विम्याची मागणी मान्य होत नाही, हे ओळखून समर्थकांनी ती निवृत्तांपुरती मर्यादित केली. १९५७ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य एमी फोरँड यांनी त्या आशयाचे विधेयक मांडले. त्याला पर्याय म्हणून १९६० मध्ये केर-मिल्स कायदा आला. राज्यांमार्फत गरजू वृद्धांना मदत देणे, असे त्याचे स्वरूप होते. मात्र आयुष्यभर काम केलेल्या माणसाला त्यासाठी आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागे, आणि राज्याराज्यांत त्याची अंमलबजावणीही असमान झाली. अध्यक्ष जॉन केनेडी यांनी पाठिंबा दिलेली योजना जुलै १९६२ मध्ये सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळली गेली.

१९६५ चा कायदा

१९६४ च्या निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांना मोठा विजय मिळाला आणि काँग्रेसचे चित्र पालटले. अर्थविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी परस्परविरोधी प्रस्तावांचा मेळ घालून एकच विधेयक तयार केले. वेतनावरील करातून चालणारा रुग्णालयीन विमा म्हणजे ‘भाग अ’. डॉक्टरांच्या सेवांसाठीचा ऐच्छिक विमा म्हणजे ‘भाग ब’. त्याला लाभार्थीचा हप्ता व शासनाचे अनुदान यांचा आधार होता. गरिबांसाठीचे मेडिकेड हा तिसरा घटक होता. ३० जुलै १९६५ रोजी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे ट्रूमन यांच्या उपस्थितीत जॉन्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली व पुढे पहिले ओळखपत्र ट्रूमन यांना दिले. १ जुलै १९६६ रोजी योजना सुरू झाली, तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख वृद्धांची नोंदणी झाली होती. भाग ब चा मासिक हप्ता ३ डॉलर होता.

या योजनेचा एक परिणाम आरोग्य विम्यापलीकडचा होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार वंशभेद पाळणाऱ्या संस्थेस संघराज्याचा निधी देता येत नव्हता. त्यामुळे मेडिकेअरचे पैसे हवे असणाऱ्या रुग्णालयांना कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे कक्ष बंद करावे लागले. अवघ्या काही महिन्यांत एक हजारांहून अधिक रुग्णालयांत हा बदल घडून आला.

अपंग व्यक्तींचा समावेश

१९६५ च्या कायद्यात अपंगांना स्थान नव्हते. अपंगत्व विम्याचे रोख वेतन १९५७ पासून ५० ते ६४ वयोगटातील कामगारांना मिळू लागले होते व १९६० मध्ये किमान वयाची अट रद्द झाली होती. उपचारांचा विमा मिळण्यासाठी मात्र १९७२ ची दुरुस्ती व्हावी लागली. अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ३० ऑक्टोबर १९७२ रोजी तिच्यावर स्वाक्षरी केली आणि जुलै १९७३ पासून ती लागू झाली.

खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी या दुरुस्तीत २४ महिन्यांच्या प्रतीक्षेची अट घालण्यात आली. अपंगत्व वेतन सुरू होण्यापूर्वीचे पाच महिने धरता ही प्रतीक्षा २९ महिन्यांची होते. काम सुटल्याने मालकामार्फत मिळणारा विमा गेलेला असतो आणि उपचारांची निकड सर्वाधिक असते, नेमका असाच हा काळ होय. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णांना याच दुरुस्तीने वयाची अट न ठेवता संरक्षण दिले. ए.एल.एस. या चेतापेशींच्या आजाराच्या रुग्णांसाठी २४ महिन्यांची अट २००१ पासून उठविण्यात आली, कारण अनेक रुग्ण ती मुदत संपेपर्यंत हयात राहत नसत. इतर बहुतेक अपंगांसाठी ती कायम आहे.

नंतरचे बदल

वाढत्या खर्चामुळे १९८३ मध्ये आजाराच्या गटानुसार रुग्णालयांना ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली. १९८८ मध्ये मोठ्या आजारपणाच्या खर्चासाठी वाढीव संरक्षण देणारा कायदा झाला. त्याचा भार वृद्धांवरच, विशेषतः सधन वृद्धांवर, पडणार होता. त्यांच्या तीव्र विरोधामुळे १९८९ मध्ये तो रद्द करावा लागला. १९९७ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांच्या योजनांना ‘भाग क’ म्हणून स्थान मिळाले. २००३ च्या कायद्यानुसार औषधांसाठीचा ‘भाग ड’ १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. २०२२ च्या कायद्याने निवडक औषधांच्या किमती ठरविण्यासाठी वाटाघाटी करण्याचा अधिकार शासनास दिला. तसेच २०२५ साठी औषधांवरील रुग्णाच्या वार्षिक खर्चाची मर्यादा २००० डॉलर करण्यात आली. दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च मात्र आजही योजनेबाहेरच आहे.

अंशदानाच्या तत्त्वाचा अनुभव अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही येतो. भाग अ विनाहप्ता मिळण्यासाठी साधारणपणे दहा वर्षांचे करपात्र काम, स्वतःचे वा जोडीदाराचे, आवश्यक असते. उतारवयात मुलांकडे स्थायिक झालेल्या आई-वडिलांच्या नावे असे काम नसते. मुले नियमित कर भरत असली, तरी त्या करातून पालकांना हा हक्क मिळत नाही. कायम वास्तव्याचा परवाना व पाच वर्षांचे सलग वास्तव्य असल्यास त्यांना हप्ता भरून विमा घेता येतो.

निष्कर्ष

मेडिकेअरने वृद्धांना याचकाच्या भूमिकेतून बाहेर काढून हक्कदार बनविले, हे तिचे सर्वांत मोठे ऐतिहासिक कार्य होय. हा हक्क कामाच्या नोंदीशी बांधलेला असल्याने ती नोंद अपुरी असलेली व्यक्ती त्याच्या कडेला राहिली. नोंद पूर्ण असूनही अपंगांना मात्र खर्चाच्या कारणास्तव थांबावे लागले. निवृत्तांपासून आरंभ करून पुढे सर्वांपर्यंत पोहोचण्याची समर्थकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात १९७२ नंतर योजनेत लाभ वाढले, नवे मोठे समाजगट मात्र फारसे आले नाहीत. वृद्धांच्या आरोग्य विम्याची आखणी करणाऱ्या कोणत्याही देशाने पात्रतेच्या अटींची किंमत कोण मोजतो, हे मेडिकेअरच्या इतिहासातून अभ्यासणे उपयुक्त ठरेल.